व्यवसाय : काही नाही

या लेखातला ‘आम्ही’ हा जुन्या निबंधकारांचा भारदस्त ‘आम्ही’ नव्हे, आणि अग्रलेखातलाही नव्हे. तो पुण्याच्या शिवाजीनगर न्यायालयात दाखल झालेल्या एका अर्जातून उचललेला आहे. ‘अर्जदार क्रमांक १ ते ३ सविनय सादर करतात की’ अशी त्या अर्जाची सुरुवात होती. अर्जदार क्रमांक १ आमचे वडील. २ आणि ३ आम्ही भाऊ-बहीण. समोर सामनेवाले : क्रमांक १ टेम्पोचा मालक, क्रमांक २ विमा कंपनी. या दोन रांगांच्या मध्ये, जिच्या जाण्यावाचून हा मजकूर कधी लिहिलाच गेला नसता ती, आमची आई. तिचे नाव पहिल्या परिच्छेदात एकदा, वयासकट आले. त्यानंतर शेवटच्या पानापर्यंत ती ‘मयत’ होती.

नोव्हेंबर २००८ मधली एक संध्याकाळ. गुलटेकडीच्या बाजूला आमचे दोन खोल्यांचे घर होते. तिथून आई शुक्रवार पेठेतल्या एका ओळखीच्या घरी पायी निघाली होती. स्वारगेटच्या जेधे चौकात शंकरशेठ रस्ता ओलांडताना एका मालवाहू टेम्पोने तिला उडवले. ससून रुग्णालयात नेईपर्यंत शुद्ध होती म्हणतात. रात्री ती गेली. वय वर्षे ५७. याहून अधिक वर्णन आम्ही करणार नाही. ते पंचनाम्यात आहे, आणि पंचनामा हा या लेखाचा एक विषयच आहे.

स्वारगेट ज्यांनी केवळ एस.टी. बदलण्यापुरते पाहिले आहे त्यांना तिथे राहणाऱ्यांचे स्वारगेट कळणे कठीण. सातारा रस्ता, शंकरशेठ रस्ता, टिळक रस्त्याकडे व सारसबागेकडे जाणारे रस्ते असे सगळे एका चौकात येऊन आदळतात. एका अंगाला एस.टी.चे स्थानक, जवळच शहर बसचे आगार, मधून हातगाड्या, रिक्षा, बॅगा घेऊन धावणारी माणसे. आजचा उड्डाणपूल २००८ मध्ये नव्हता. भुयारी मेट्रोचे स्थानक तर सप्टेंबर २०२४ मध्ये उघडले. तेव्हा चौक ओलांडायचा म्हणजे समोरच्या वाहनचालकाच्या डोळ्यांत पाहायचे, हात वर करायचा आणि पुढे व्हायचे. आई हे वर्षानुवर्षे करत आली होती. तिच्या हातात नेहमी एक कापडी पिशवी असे.

तेराव्यानंतर दाव्याचा विषय निघाला तेव्हा घरात दोन तट पडले. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, हे आमच्या घरी कोणी वेगळे शिकवण्याची गरज नव्हती. पण खरा अडसर तो नव्हता. आमच्या एका आत्याने तो स्पष्ट शब्दांत मांडला : “वहिनींच्या मरणाचे पैसे घेणार? मढ्याच्या टाळूवरचं लोणी ते हेच.” या म्हणीला उत्तर देणे सोपे नाही. मराठीत ‘नुकसानभरपाई’ हा शब्द पीक बुडाले, घर जळले, गोठा कोसळला अशा ठिकाणी सहज बसतो. माणसाच्या बाबतीत तो उच्चारला की बोलणाऱ्याचीच जीभ अडखळते. नुकसान भरून येण्याजोगे होते, असे काहीसे आपण कबूल करत आहोत, असा भास होतो. आम्ही दाव्याचा निर्णय घेतला तो आत्याला उत्तर सापडले म्हणून नव्हे. टेम्पोच्या मालकाकडून कोणी भेटायला आले नाही, आणि काहीच न करणे हेही एक प्रकारचे मान्य करणे आहे असे वाटू लागले, म्हणून.

न्यायालयाच्या वाटेवर पहिल्यांदा भेटतात ते शब्द. ‘मयत’ हा मूळचा अरबी शब्द. घरगुती बोलीत आपण ‘मयतीला गेलो होतो’ असे म्हणतो. तिथे तो एक प्रसंग असतो. कागदावर मात्र तो माणसाची जागा घेतो. ‘यातील मयत ही अर्जदार क्र. १ ची पत्नी असून’ या वाक्यात आईला बसवायला आम्हांला बरेच दिवस लागले. दुसरा शब्द ‘अपघात’. विश्वासघात, आत्मघात, घातपात या सर्व शब्दांत घात करणारा कोणीतरी उभा असतो. एकट्या ‘अपघात’मधून तो आज नाहीसा झाला आहे. अपघात ‘होतो’, पाऊस पडतो तसा. दावा दाखल करणाऱ्याचे पहिले काम हे, की या शब्दात कर्ता परत आणून बसवायचा : भरधाव वेगाने, हयगयीने, अविचाराने वाहन चालवणारा असा कोणी एक होता, हे सिद्ध करायचे.

हे काम जमेल असे आमच्या वकिलांना वाटत होते. जागेचा नकाशा, साक्षीदार, टेम्पोची तपासणी, सगळे ठीक होते. अडचण दुसरीकडे होती. त्यांनी कागदपत्रांतून एक पान काढून आमच्यासमोर ठेवले. मरणोत्तर पंचनाम्याच्या वेळी पोलिसांनी घेतलेला आमच्या वडिलांचा जबाब. त्या रात्री बाबांना विचारले गेले होते, त्या काय करत होत्या? आणि बाबांच्या तोंडचे उत्तर हवालदाराच्या हस्ताक्षरात असे उतरले होते : ‘माझी पत्नी काहीएक कामधंदा करत नव्हती, ती घरीच असे.’ खाली बाबांची सही. ज्या माणसाने तीस वर्षे शाळेत मुलांची हस्ताक्षरे सुधारली, त्याची सही त्या पानावर वाकडीतिकडी आली होती.

हे वाक्य किती महागात पडणार होते, ते समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

माणूस मेला तर त्याच्या घरच्यांना पैसे मागता येतात, ही कल्पना कायद्यात फार जुनी नाही. इंग्लंडमध्ये १८०८ साली बेकर विरुद्ध बोल्टन हा खटला चालला. एक घोडागाडी उलटली. तीत एक जोडपे होते. पत्नी जबर जखमी होऊन महिन्याभराने वारली. पती मद्यगृह चालवीत असे, आणि त्या धंद्याचा मोठा भार ती उचलत असे, हे न्यायालयापुढे सांगितले गेले होते. लॉर्ड एलनबरो यांचा निर्णय असा, की भरपाई मिळेल ती ती जिवंत होती तेवढ्या दिवसांचीच. तिच्या मृत्यूपाशी हिशेब थांबला. मृत्यू ही दिवाणी न्यायालयापुढे तक्रार करण्याजोगी इजाच नव्हे. याचा विपरीत अर्थ असा, की अपंग करण्यापेक्षा ठार मारणे स्वस्त. पुढे आगगाड्या आल्या, मृत्यूही घाऊक होऊ लागले, आणि १८४६ मध्ये ब्रिटिश संसदेला प्राणघातक अपघातांचा कायदा करावा लागला. बोरीबंदर ते ठाणे ही पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ ला सुटली. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८५५ मध्ये, हिंदुस्थानातही तसाच कायदा झाला. मोटारींच्या दाव्यांसाठी वेगळी प्राधिकरणे १९५६ च्या दुरुस्तीने आली, आणि आमचा अर्ज ज्याखाली होता तो मोटार वाहन कायदा १९८८ चा.

म्हणजे दोनशे वर्षांत कायदा बराच पुढे आला. पण १८०८ मधल्या त्या बाईच्या कामाचे काय करायचे, हा प्रश्न तिथेच राहिला. मोटार वाहन कायद्याला १९९४ मध्ये एक दुसरे परिशिष्ट जोडण्यात आले. त्यात मृत माणसाचे वय आणि उत्पन्न घालून भरपाई काढण्याचे कोष्टक होते. ज्याला उत्पन्न नाही त्याचे मानीव उत्पन्न वर्षाला १५,००० रुपये. कमावत्या जोडीदारावर अवलंबून असलेल्या पती वा पत्नीसाठी, जोडीदाराच्या उत्पन्नाचा एक तृतीयांश. अंत्यसंस्काराचे २,०००, सहवास गमावल्याचे ५,०००, संपदेच्या हानीचे २,५००. विमा कंपनीच्या वकिलांनी आपल्या कैफियतीत हेच कोष्टक पुढे केले. वर्षाचे १५,०००, त्यातून मृत व्यक्तीने स्वतःवर खर्च केला असता म्हणून एक तृतीयांश वजा, उरले १०,०००, कोष्टकातल्या तिच्या वयाच्या गुणकाने, म्हणजे ८ ने गुणून ८०,०००, वरचे ९,५०० मिळून ८९,५००. आणि या साऱ्याला आधार कशाचा? तर ‘अर्जदार क्र. १ याच्या स्वतःच्या जबाबाचा’.

आम्हांला हे वाचून संताप आला. त्या संतापाचे स्वरूप नंतर बदलले, म्हणून त्याविषयी प्रांजळपणे लिहायला हवे. प्रथम आम्ही म्हणालो ते सगळेच म्हणतात : कायदा निर्दय आहे, माणसाची किंमत पैशांत होते का, इत्यादी. साहित्य शिकवणाऱ्या माणसाला (आमच्यापैकी एक जण तेच करतो) हे वाक्य फार सोयीचे असते. पण ‘काही नाही’ हे शब्द कायद्याचे नव्हते. विमा कंपनीचेही नव्हते. ते आमच्या घरचे होते. त्या रात्री बाबांऐवजी आम्हांला विचारले असते तर आम्हीही तेच सांगितले असते. शाळेच्या दाखल्यावर, शिधापत्रिकेवर, बहिणीच्या लग्नाच्या वेळी पाहुण्यांना दिलेल्या माहितीत आम्ही तेच लिहीत आलो होतो : वडील शिक्षक, आई घरीच असते.

आई घरी ‘असे’ म्हणजे काय करत असे? आमच्या वकिलांनी आम्हांला घरी जाऊन यादी करायला सांगितले. रविवारी दुपारी बसलो. पहाटे पाचचे पाणी, दोन डबे, आजीचे पथ्य, आजीचे शेवटची चार वर्षे अंथरुणातले सगळे, धुणे, दळण, पापड-कुरडया, शिकवणीला येणाऱ्या मुलांचा चहा. यादी दुसऱ्या पानावर गेली तसे बाबा उठून गॅलरीत गेले. मग बहिणीने कपाटातून एक शंभर पानी वही काढून आणली. आई फॉल-पिको करी आणि ब्लाऊज शिवी हे आम्हांला ठाऊक होतेच. शिवणयंत्राच्या आवाजात आम्ही अभ्यास केला होता. पण त्याला आम्ही काम म्हणत नव्हतो. तो ‘आईचा उद्योग’ होता. वहीत तारीख, आडनाव, ‘ब्ला. २’, ‘फॉल १’, रक्कम, आणि पैसे मिळाल्यावर मारलेली बारीक फुली. शेवटच्या तीन वर्षांची बेरीज महिन्याला हजार-अकराशेच्या आसपास जात होती. बाबांच्या पगारात महिनाअखेर भागत नसे तेव्हा ते कसे भागत असे, हे त्या दिवशी उलगडले.

‘पण ही वही तुम्ही आता लिहिली नाही कशावरून?’ वकिलांनी विचारले. ते सामनेवाल्यांच्या वतीने विचारत होते. त्यांची ती रीत होती. मग स्वतःच त्यांनी दुसरा कागद पुढे सरकवला. हा घटनास्थळाचा पंचनामा, त्याच रात्रीचा. रस्त्याची रुंदी, रक्ताचे डाग, एक तुटलेली चप्पल, आणि त्याखाली : ‘एक निळ्या रंगाची कापडी पिशवी, तीत शिवून तयार असलेले तीन ब्लाऊज.’

साहित्याच्या विद्यार्थ्यांना आपण सूक्ष्म वाचन शिकवतो. एका ओळीवर दुसरी ओळ ठेवून पाहायला सांगतो. एकाच रात्री, एकाच पोलीस ठाण्यात दोन कागद तयार झाले. एकात नवऱ्याने सांगितले की ती काही करत नव्हती. दुसऱ्यात दोन अनोळखी पंचांनी, तिला जन्मात कधी न पाहिलेल्या माणसांनी, ती काय करत होती ते पाहून लिहून ठेवले. पंचांना आई ठाऊक नव्हती, म्हणून त्यांना पिशवी दिसली. आम्हांला आई इतकी ठाऊक होती की पिशवी दिसत नव्हती.

२०११ मध्ये प्रकरण लोकअदालतीपुढे ठेवले गेले. विमा कंपनीने एक लाख रुपये देऊ केले. सह्या करा, पंधरवड्यात धनादेश. दगडापेक्षा वीट मऊ, असे आमचे मत पडले. तारखांना रजा टाकून आम्ही दोघे थकलो होतो. बाबा मात्र ‘पाहू’ म्हणाले आणि त्यांनी सही केली नाही. कारण विचारले तर सांगेनात. तडजोडीत कोणाचे चुकले, कोण काय करत होते, यांतले काहीच ठरत नाही. रक्कम ठरते आणि कागद मिटतात. तो जबाब मात्र तसाच राहतो. हे आम्हांला तेव्हा सुचले नव्हते. बाबांना सुचले असावे.

असेच दिवस गेले, आणि मग २५ जानेवारी २०१२ ची सकाळ आली. पुण्यात राहणाऱ्या कोणालाही ही तारीख वेगळी सांगायला नको. संतोष माने या एस.टी.च्या चालकाने स्वारगेट स्थानकातून एक बस बाहेर काढली आणि शहराच्या रस्त्यांवरून बेफामपणे, समोर येईल त्याला चिरडत नेली. नऊ जण ठार झाले, तीसहून अधिक जखमी. आमच्या गल्लीतली माणसे आरडाओरडा ऐकून रस्त्यावर आली तेव्हा बस पुढे निघून गेली होती. पुढची सात वर्षे हा खटला वर्तमानपत्रांनी पाऊल न चुकवता लिहिला. २०१३ मध्ये सत्र न्यायालयाने फाशी सुनावली. २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती कायम केली. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द करून जन्मठेप दिली. तो वेडा होता की नव्हता, रजा-पाळीवरून त्याचे काय बिनसले होते, त्याच्या मनात काय चालले होते, यावर पानेच्या पाने छापून आली. ते गैर नव्हते. एखाद्याला फासावर चढवायचे तर त्याचे मन तपासावेच लागते. पण आज आपल्यापैकी बहुतेकांना चालकाचे नाव आठवते, आणि त्या नवांपैकी एकाचेही आठवत नाही.

त्या फेब्रुवारीत आमची तारीख होती. प्राधिकरणाबाहेरच्या बाकावर दुसरा विषय नव्हता. वकीलमंडळी एक कायदेशीर पेच चघळत होती : हा खून आहे, मग मोटार अपघाताचा दावा लागेल का? प्रश्न वरवर निर्घृण वाटतो, पण कायद्याला तो सोडवावाच लागतो. नागालँडमधल्या एका प्रकरणात प्रवाशांनी रिक्षाचालकाला मारून रिक्षा पळवली होती. त्यात २००० साली, रीता देवी खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने म्हटले होते की मूळ हेतू रिक्षा चोरण्याचा होता आणि खून त्या ओघात घडला, म्हणून वाहनाच्या वापरातून उद्भवलेला तो अपघातच. म्हणजे फौजदारी न्यायालयात जो खून, तोच दुसऱ्या दालनात अपघात असू शकतो. आम्ही वर ‘अपघात’ या शब्दातून कर्ता नाहीसा झाला म्हणालो. इथे कायद्याने तो हेतुपूर्वक बाजूला सारला होता. गुन्हेगाराकडे पाठ करून मागे राहिलेल्यांकडे पाहता यावे म्हणून.

बाबा त्या चर्चेत नव्हते. ते बाकाच्या टोकाला बसले होते. घरी येताना रिक्षात म्हणाले, “त्या नऊ घरी आता पोलिस गेले असतील. विचारलं असेल, मयत काय करत होते म्हणून.” थोड्या वेळाने म्हणाले, “साक्ष मी देईन.”

तोवर ठरले होते की अर्जदारांतर्फे साक्ष मुलाने द्यायची. बाबांना रक्तदाब होता, आणि उलटतपासणीत तो जबाब निघणार हे उघड होते. वकिलांचाही सल्ला हाच. बाबांनी ऐकले नाही. त्याच वर्षी, पावसाळ्यात, ते साक्षीच्या पिंजऱ्यात उभे राहिले. ज्यांनी नोंदवलेली मराठी साक्ष वाचली नसेल त्यांना तिची घडण सांगायला हवी. तिच्यात प्रश्न लिहीत नाहीत. प्रश्न उत्तराच्या पोटात जातो. ‘मयत ही पादचाऱ्यांच्या पट्ट्यांवरून जात नव्हती हे म्हणणे खरे नाही.’ ‘मला निवृत्तिवेतन मिळते हे खरे आहे.’ ‘वही मी दाव्यासाठी तयार केली हे म्हणणे खोटे आहे.’ विचारणारा अदृश्य राहतो, आणि साक्षीदार जणू आपणहून एकेक गोष्ट नाकारत वा कबूल करत चालल्यासारखा दिसतो. मग ती ओळ आली. सामनेवाल्यांच्या वकिलांनी जबाब दाखवला. सही तुमचीच ना, मजकूर तुम्हीच सांगितला ना. त्यांनी ते सभ्यपणे, आवाज न चढवता विचारले. ते त्यांचे काम होते. बाबांचे उत्तर कागदावर असे आहे : ‘सदर जबाब मी दिला हे खरे आहे. त्यातील माझी पत्नी काही करत नव्हती हा मजकूर मी सांगितला हे खरे आहे. तो मजकूर खरा नाही.’ प्रत्यक्षात ते एवढेच म्हणाले होते, “मीच सांगितलं. चुकलं माझं.” न्यायाधीशांनी मान वर करून पाहिले आणि लघुलेखकाला वरची तीन वाक्ये सांगितली.

निवाडा २०१३ मध्ये झाला. आकड्यांनी वाचकांना कंटाळा येईल. पण या प्रकारच्या लेखनात भावना आकड्यांतच असते, म्हणून देतो. जमशेदपूरला १९८९ मध्ये एका समारंभात लागलेल्या आगीच्या प्रकरणात, लता वाधवा खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली ३४ ते ५९ वयाच्या गृहिणींच्या कामाचे मोल महिन्याला ३,००० रुपये धरले होते. प्राधिकरणाने तेच धरले. वही, तिला दुजोरा म्हणून घटनास्थळाचा पंचनामा आणि शुक्रवार पेठेतल्या एका बाईंची साक्ष यांवरून शिवणकामाचे १,००० मिळवले. ४,००० गुणिले बारा, वजा एक तृतीयांश, बाकी ३२,०००. सरला वर्मा खटल्याने २००९ मध्ये वयानुसार गुणक ठरवून दिले. ५६ ते ६० साठी तो ९. झाले २,८८,०००. सहवासाचे १०,००० बाबांना, अंत्यसंस्काराचे ५,०००, संपदेचे ५,०००. एकूण ३,०८,०००, अर्ज दाखल झाल्यापासून साडेसात टक्के व्याजाने. काही भाग राष्ट्रीयीकृत बँकेत तीन वर्षे ठेव म्हणून. यातले ७२,००० रुपये केवळ शिवणकामाचे. घरी आल्यावर बाबांनी रकमेकडे पाहिले नाही. निवाड्याच्या दुसऱ्या पानावर बोट ठेवून दाखवले. तिथे लिहिले होते : मयत ही गृहिणी असून शिवणकाम करीत असे.

आत्याला आता काय उत्तर देऊ? पैसे मिळाल्याने आई भरून निघाली नाही, हे तिचे म्हणणे खरेच होते; तसे कोणी म्हणतही नव्हते. पण दाव्याने आमच्याकडून एक गोष्ट करवून घेतली, जी ती असताना आम्ही केली नव्हती. तिचा दिवस मोजायला लावला. शोकसभेत, श्रद्धांजलीच्या जाहिरातीत, वर्षश्राद्धाला आम्ही तिला ‘त्यागमूर्ती’ म्हटले असते. त्या शब्दात सारे येते, आणि ब्लाऊजचा भाव येत नाही. न्यायालयाला त्यागाशी कर्तव्य नव्हते. त्याने विचारले, किती वाजता उठत, किती डबे, महिन्याला किती ब्लाऊज. हा प्रश्न रुक्ष आहे, पण अपमानकारक नाही. अपमान आधीच झाला होता, आणि तो आम्ही केला होता.

कायदाही त्या प्रश्नापाशी हळूहळूच आला. २००१ च्या जनगणनेत घरकाम करणाऱ्या स्त्रियांना भिकारी, वेश्या आणि कैद्यांच्या रांगेत, अनुत्पादक म्हणून बसवले होते, याची सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये अरुणकुमार अगरवाल खटल्यात कठोर दखल घेतली. २०१७ च्या प्रणय सेठी निर्णयाने सहवासाची रक्कम ४०,००० केली. २०१८ मध्ये आईबाप गमावलेल्या मुलांनाही ‘सहवास’ या सदराखाली हक्क असल्याचे मान्य झाले. आमच्या वेळी तो फक्त पतीपत्नीचा होता. जानेवारी २०२१ मध्ये कीर्ती खटल्यात न्यायमूर्ती रमणा यांनी २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीचा दाखला दिला : बिनमोबदला घरकामात स्त्रिया दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवतात, पुरुष ९७. १५,००० रुपयांचे ते जुने कोष्टक आता राहिलेले नाही. १ एप्रिल २०२२ पासून अंमलात आलेल्या दुरुस्तीने चूक सिद्ध न करता मिळणारी भरपाई मृत्यूसाठी पाच लाख केली. मात्र त्याच दुरुस्तीने दाव्यासाठी अपघातापासून सहा महिन्यांची मुदतही घातली. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आहे. तरीही ज्यांच्यावर अशी वेळ येईल त्यांनी ‘तेराव्यानंतर पाहू, वर्षश्राद्धानंतर पाहू’ असे म्हणू नये.

वही आम्हांला २०१४ मध्ये परत मिळाली. प्रमाणित नक्कल दाखल करून मूळ दस्तऐवज मिळण्याचा अर्ज करावा लागतो. तो बाबांनी स्वतः लिहिला, स्वच्छ वळणदार अक्षरात. वहीच्या मुखपृष्ठावर आता निशाणी क्रमांकाचा शिक्का आहे. आत, शेवटच्या पानावर, त्या नोव्हेंबरच्या तारखेला ‘ब्ला. ३’ अशी नोंद आहे. पुढे फुली नाही.

बाबा आता नाहीत. त्यांच्या मृत्यूच्या नोंदीसाठी अर्ज भरताना ‘व्यवसाय’ या रकान्यापाशी आम्ही दोघे थांबलो. सेवानिवृत्त शिक्षक, हे चटकन लिहिता आले असते. त्याखाली आईच्या मागे आठ वर्षे त्यांनी केलेला स्वयंपाक लिहायला जागा नव्हती.

हे वाचणाऱ्यांत शिक्षक आणि विद्यार्थी अधिक असतील. त्यांना एकच सांगणे आहे, आणि ते साहित्याविषयी नाही. कधी काळी अशी रात्र आली, रुग्णालयाच्या व्हरांड्यात कोणी हवालदार कागद घेऊन समोर बसला, आणि त्याने ‘त्या काय करत होत्या?’ असे विचारले, तर उत्तर देण्याची घाई करू नका. त्याला थांबायला सांगा. तो थांबतो.